दोन कड्यांची पेटी

देवीदास सोमकुवरच्या वाद्याला पांढुर्ण्यात कोणी गिटार म्हणत नाही. इस्तरीचा टेबल म्हणतात. म्हणोत बापडे, दिसतंच तसं. चार पायांवर आडवी फळी, फळीवर दहा तारा, खाली सळया अन् तीन पायडल. डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी दांडी धरायची अन् ती तारांवरून सरकवत न्यायची. पायडल दाबलं की तार ताणली जाते अन् सूर असा वर चढतो, जसं लेकरू रडता रडता हुंदका गिळतं. एकदा ऐकलेला माणूस पुन्हा इस्तरी म्हणत नाही. पण ऐकायच्या आधी सगळेच म्हणतात, त्याला इलाज नाही.

आता तुम्ही म्हणाल, असलं वाद्य पांढुर्ण्यात आलं कुठून? तर आमल्याहून. देवीदास तरुणपणी तिथं रेल्वेत खलाशी होता. एका ख्रिस्ती गार्डसाहेबाच्या ओट्यावर तो रोज ऐकत बसायचा. साहेबानं हाकललं नाही, उलट शिकवलं. पुढं रिटायर होऊन लेकीकडं परदेशात जाताना म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. झालं. देवीदासची बदली पांढुर्ण्याला झाली तेव्हा त्याच्या बिऱ्हाडात दोन पातेली, एक गादी अन् हा टेबल, एवढंच सामान होतं.

पांढुर्ण्यात मधुकरची गाण्याची पार्टी होती. भीमगीतं, बुद्धगीतं, चौदा एप्रिल, धम्मचक्र दिन, विहारांचे वर्धापन. देवीदास त्या पार्टीत शिरला. वाद्यासाठी त्यानं सुताराकडून सागवानाची पेटी करवली. सुतारानं सांगितलं, सात पिढ्या टिकेल. अरे, टिकेल रे बाबा, पण उचलेल कोण? लांबलचक पेटी, दोन टोकांना दोन लोखंडी कड्या. दोन माणसं असल्याशिवाय ती जागची हलायची नाही. पहिल्या वर्षी ढोलकीवाल्यानं दुसरी कडी धरली अन् काटोलला स्टेजच्या पायरीवर सोडून दिली. एक पायडल वाकलं. देवीदास आधीच कमी बोलणारा माणूस, त्या दिवशी मात्र तो इतकं बोलला की ढोलकीवाला महिनाभर तोंड चुकवत होता. त्यानंतर त्यानं कोणाच्या हातात पेटी दिली नाही. बायको सोडून.

प्रमिला जाम नदीपल्याडची, सावरगावची लेक. अंगानं बारकी, देवीदासच्या खांद्याला लागणारी. म्हणून सुताराला बोलावून तिच्या बाजूची कडी खाली घेतली अन् त्याची वर, म्हणजे पेटी सरळ राहते. ती "हं" म्हणायची अन् दोघं उचलायचे. पुन्हा "हं" म्हणायची अन् दोघं ठेवायचे. सासू कुरकुरली. गल्लीतल्या बाया बोलल्या, बाई वं, गाण्याच्या पार्टीसंगं बायको हिंडते! प्रमिलाचं एकच उत्तर होतं, "पेटीले दुसरा हात पाहिजे नं." यावर कोण काय बोलणार? मधुकरची बायको, ढोलकीवाल्याची बायको, सगळ्या घरी. अन् प्रमिला मात्र छिंदवाडा, मुलताई, वरुड, नागपूर, सगळीकडं. पार्टीच्या गाडीत सीट मोजून असायच्या. बाईला त्यात जागा मिळाली ती त्या खालच्या कडीमुळं. ही गोष्ट तिला पक्की माहीत होती. देवीदासला नव्हती, कारण माणसाला आपल्या फायद्याच्या गोष्टी लवकर दिसत नाहीत.

आणखी एक होतं. हे वाद्य वाजवणाऱ्याला मान वर करता येत नाही. दांडी केसभर सरकली की सूर गेला. त्यामुळं देवीदासनं उभ्या जन्मात कधी आपला कार्यक्रम पाहिला नव्हता. पाहायची प्रमिला. रिकाम्या पेटीवर, स्टेजच्या कडेला बसून. अन् सकाळी परतीच्या गाडीत बाकीचे घोरत असताना ती त्याला सांगायची. कोण रडलं, कोण डुलक्या घेत होतं, कोणत्या म्हातारीनं नोट ओवाळली, कोणत्या पुढाऱ्यानं बुंदीचं अख्खं पाकीट पिशवीत टाकलं. देवीदास ऐकायचा, हसायचा, मधूनच विचारायचा, "अन् मंग?" घरी हे काही नाही. घरी तिला काम अन् त्याला ड्युटी. मीठ दे, पाणी आलं काय, यापुढं गाडी जायची नाही. खरं सांगू? त्या दोघांचा संसार घरात कमी अन् परतीच्या गाडीतच जास्त झाला.

तर मागच्या उन्हाळ्यात सौसरला स्टेजची पायरी चढताना प्रमिलानं "हं" म्हटलंच नाही. पेटी खाली टेकवून ती पायरीवर बसली. ओठ काळेनिळे. म्हणाली, "चप्पल निसटली जी." देवीदासनं चप्पल पाहिली. दोन्ही पायांत होत्या. तो विचारणारच होता, पण समोर माईक टेस्टिंग चालू होतं.

लेक करुणा नागपूरला नर्स आहे. ती आईला ओढतच घेऊन गेली. निघालं असं की हृदयाची झडप अरुंद झालेली, अन् आजची नाही, कधीपासूनची. साखर इतकी की ऑपरेशनला डॉक्टर कचरले. औषधं दिली अन् सांगितलं, वजन उचलायचं नाही. बादलीसुद्धा नाही.

"आई, तुला दम लागत होता नं? किती दिवसांपासून?" करुणानं विचारलं.

"लागे थोडासाक," प्रमिला म्हणाली.

"मग सांगितलं काहून नाही?"

प्रमिला औषधाच्या गोळ्या मोजायला लागली. करुणा बापाकडं वळली. "बाबा, एक तर ती पेटी बदला, नाहीतर गिटार सोडा. आईचा हात त्या कडीला लागला तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

सोडा म्हणणं सोपं आहे. नोकरी संपली, केस गेले, दात हलले, तरी त्या दहा तारा होत्या म्हणून देवीदास देवीदास होता. तो म्हणाला, "पेटी बदलतो." त्याच्या हिशेबात हे बायकोच्या जिवासाठीच होतं अन् खोटं नव्हतं. एकट्याला ओढता येईल अशी हलकी, चाकांची पेटी आणायची, प्रमिलाला आराम द्यायचा. यात चूक काय?

मग सुरू झाली ती शोधाशोध. अन् प्रत्येक ठिकाणी प्रमिला सोबत. "मी येऊन राहिली. तुमाले काय समजते पेटीतलं?"

करुणानं मोबाईलवर परदेशातल्या पेट्या दाखवल्या, खास याच वाद्याच्या. दिसायला देखण्या, पण इकडं येईस्तोवर त्यांचं काय होईल कोण जाणे. मग नागपूरला कीबोर्डची चाकवाली लांब बॅग पाहिली. लांबी बरोबर, पण उंची कमी. खालच्या सळया मावेनात. दुसऱ्या दुकानात ॲल्युमिनियमच्या कोपऱ्यांची, लाऊडस्पीकरवाले वापरतात तशी पेटी होती. मजबूत म्हणाल तर हत्ती उभा करा. पण रिकामीच इतकी जड की देवीदासचा खांदा चांगलाच लचकला. पुढं एक कापडी बॅग मिळाली, आत जाड फोम, चांगली हलकी, दोन चाकं. देवीदास खुलला.

प्रमिलानं खाली बसून चाकाला बोट लावलं. "हे चाक? हे तं हरभऱ्याएवढं हाय. मोहगावच्या रस्त्याच्या गिट्टीत जाईन काय हे? अन् चिखलात? फसलं म्हणजे मंग?"

बरोबरच होतं. काळ्या मातीत ते चाक पहिल्या वळणावर मुरलं असतं. बॅग राहिली. मग एक मोठ्या चाकाची मिळाली तर प्रमिला म्हणाली, "दांडी आखूड हाय. तुमी उंच, वाकून वाकून कंबर जाईन." तेही खरं. मग एक सगळ्या दृष्टीनं बरी होती, तर म्हणाली, "चेन हाय इले. धूळ जाईन, तारा गंजतीन." देवीदास दुकानदाराला मोठ्या कौतुकानं म्हणाला, "पाहा जी, माह्यापेक्षा इले जास्त समजते."

अरे वेड्या! ती पेटीत खोट काढत नव्हती रे, ती दिवस काढत होती. पेटी एकाची झाली की दुसरं माणूस घरी, हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. हे त्याला समजलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण तिनं सांगितलं नाही अन् त्यानं विचारलं नाही.

शेवटी सौसरचा मनोहर भेटला. हा कूलरच्या फायबरच्या बॉड्या बनवतो. देवीदास वाद्य टेम्पोत घालून प्रमिलासोबत त्याच्याकडं गेला. मनोहरनं टेप लावून मापं घेतली अन् म्हणाला, "काका, फायबरची बनवून देतो. पाय अन् पायडल वेगळ्या खणात, आतून फोम, वरून झाकण रबराचं, धूळ जाणारच नाही. चाकं हातगाडीची लावतो, रबरी, गिट्टी असो का चिखल. अन् दांडी तुमच्या मापाची."

"माह्या मापाची?" देवीदासनं विचारलं.

"मग कोणाच्या? ओढणारे तुम्हीच ना?"

देवीदासनं प्रमिलाकडं पाहिलं. आता ती काय खोट काढते? प्रमिलानं फायबरच्या तुकड्यावर हात फिरवला, त्याला थोडं वाकवून पाहिलं, खोट सापडली नाही अन् म्हणाली, "चांगलं हाय. घ्या हेच."

दसऱ्याच्या आधी पेटी आली. पांढरी, कूलरसारखीच गुळगुळीत. वाद्य आत ठेवून देवीदासनं एका हातानं ती गल्लीच्या टोकापर्यंत नेली अन् परत आणली. चाकांचा आवाजसुद्धा नाही. म्हातारा पोरासारखा हसत होता. सागवानाची पेटी मागच्या खोलीत गेली अन् तिच्यावर गाद्या रचल्या.

मोहगावला धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता. दुपारी देवीदास तयार होऊन ओट्यावर आला तर प्रमिला तिथं आधीच बसलेली. पांढरी साडी, निळा काठ, मांडीवर डब्याची पिशवी. सवयच ती! पार्टीची तुफान जीप आली. मधुकर खाली उतरला, चाकाची पेटी पाहून खूष झाला, अन् मग त्याला प्रमिला दिसली.

"वयनी, तुमी कायले त्रास घेता आता? चाकं आले नं पेटीले. अन् गाडीत ऑक्टोपॅडवाला नवा पोरगा घेतला, जागाच नाई पाहा." वाईट मनानं नाही म्हणाला तो. मधुकर तसा दिलदार माणूस.

प्रमिलानं देवीदासकडं पाहिलं. बस, एवढंच केलं तिनं. बोल नं रे, देवीदास! एक वाक्य तर बोलायचं होतं. बायको येईन संगं, पोराले मागं बसवा. एवढंच. पण त्याला वाटलं, डॉक्टरनं आराम सांगितला आहे, मोहगावचा रस्ता खराब, बरंच झालं. तो म्हणाला, "हो वं, तू आराम कर."

"हो," ती म्हणाली. डब्याची पिशवी तिनं त्याच्या हातात दिली. "दोघांचा हाय. त्या पोराले द्या अर्धा."

मोहगावला पेटी विहाराच्या दारापर्यंत अशी आली, की लोकं पाहत राहिले. कार्यक्रम जोरात झाला, म्हणजे टाळ्यांवरून तसं वाटलं. देवीदासची मान नेहमीसारखी खाली. सकाळी परतीच्या गाडीत त्याच्या शेजारी ऑक्टोपॅडवाला पोरगा कानात वायर घालून झोपला होता. देवीदासला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, पण काय चुकलं ते सापडेना.

घरी आला तर प्रमिला अंघोळ करून दारातच उभी. "कसा झाला जी?"

हा प्रश्न तिनं त्याला जन्मात कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. देवीदास गडबडला. "चांगला झाला."

"कोण कोण आलं होतं? अंबाबाई होती काय?" अंबाबाई म्हणजे मोहगावची एक म्हातारी. दर वर्षी अगदी पुढं, सतरंजीच्या कडेला बसायची अन् देवीदासचं वाद्य सुरू झालं की पदरानं डोळे पुसायची. प्रमिलाशी तिची मैत्री जमली होती, अन् देवीदासला ती फक्त प्रमिलाच्या सांगण्यातून ठाऊक होती.

"पाहिलं नाई," तो म्हणाला.

"अन् पोरं नाचली काय?"

"आवाज तं येत होता."

प्रमिलानं त्याच्या हातातून रिकामा डबा घेतला. तो आणखी काही सांगेल म्हणून थांबली. मग "चहा ठेवते" म्हणून आत गेली. अन् देवीदासला तेव्हा, दारात चप्पल काढता काढता, कळलं की आपण काय करून बसलो. नवी पेटी आणून त्यानं बायकोला घरी बसवलं होतं. अन् स्वतःचे डोळेही घरीच ठेवून आला होता. म्हाताऱ्याला रडू आलं. रडायचं तर बायकोपुढं रडावं, पण तो आपला नळावर जाऊन तोंड धूत बसला.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी तो स्वतः मधुकरच्या घरी गेला. "प्रमिलाची सीट पाहिजे. नाईतं मीबी येत नाई."

मधुकर चकित झाला. "बस? एवढंच? तवाच सांगाचं नं देवीदासभाऊ! पोरगा मोटरसायकलनं येईन." इतकं सोपं होतं ते.

देवीदास जवळजवळ पळतच घरी आला. प्रमिला पलंगावर उशीला टेकून बसली होती. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, अन् ती दिवसेंदिवस खंगत चालली होती. पायाला सूज, दोन वाक्यं बोलली की दम. औषधं बदलून झाली होती. करुणा रजा टाकून येऊन राहिली होती अन् स्वयंपाकघरात आवाज न करता रडायची.

"चाल," तो म्हणाला. "मोहगावले. विहाराचा वर्धापन हाय. तुही सीट सांगून आलो."

प्रमिला हसली. खरंच हसली, तरुणपणी हसायची तशी. मग तिनं मान हलवली. "आता नाई बसवत जी गाडीत. तुमी जा."

"मंग मी नाई जात."

"जा म्हणते नं. अन् यावेळी पाहून या नीट. येऊन सांगा मले."

तो गेला. पाहायचं ठरवूनच गेला. दुसऱ्याच गाण्यात त्यानं मान वर केली. समोर फोकसचा पांढरा लखलखाट अन् त्यामागं नुसता काळोख. माणसं कुठं आहेत तेच दिसेना. तेवढ्यात हातातली दांडी सरकली, सूर फाटला, मधुकरनं वळून पाहिलं. पुन्हा त्यानं दोनदा, तीनदा पाहिलं. काहीच नाही. प्रमिला स्टेजच्या कडेला, उजेडाच्या बाहेर बसायची, म्हणून तिला दिसायचं. स्टेजवरून काही दिसत नाही, हे त्याला या वयात समजलं.

सकाळी घरी आला. करुणानं आईला उठवून बसवलं, गोधडी पायावर घातली अन् ती चहा करायला गेली. देवीदास पलंगाच्या कडेला बसला.

"सांगा," प्रमिला म्हणाली.

रिकाम्या हातानं कसं सांगायचं? त्यानं सुरुवात केली. "लय गर्दी होती. बायाच बाया. एक पुढारी आल्ता, त्यानं हार घातला अन् खुर्चीतच झोपला."

"अन् मंग?" तिचे डोळे चमकले.

देवीदासला हुरूप आला. "मंग एका म्हाताऱ्यानं पागोटं काढलं अन् त्यात पैसे गोळा करून आणले. अन् अंबाबाई होती नं! पुढंच बसली होती, सतरंजीच्या कडेले. माही गिटार सुरू झाली अन् जे रडाले लागली, पदर लावून लावून..."

गोधडीवरून फिरणारा प्रमिलाचा हात थांबला. ती त्याच्याकडं पाहत राहिली. रागानं नाही.

"अंबाबाई वारली जी," ती हळूच म्हणाली. "दिवाईच्या आधीच. तिच्या सुनेचा फोन आल्ता मले."

देवीदासनं मान खाली घातली. तो म्हणाला, "मले सांगतलं नाई तू?"

"कवा सांगू?" प्रमिलानं विचारलं. तिला दम लागला होता, म्हणून थांबून थांबून ती बोलली. "गाडीत बसलोच नाई नं आपण, तवापासून."

देवीदासला हुंदका आला अन् तो त्यानं आवरला नाही. आतून करुणा कप घेऊन आली, दारातच थबकली अन् तशीच मागं फिरली. प्रमिलानं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. तो हात तिनं कधी असा धरला नव्हता, दोघांच्या मध्ये कायम ती पेटी असायची.

"राहू द्या," ती म्हणाली. "सांगा पुढं. अन् लहान पोरं? पोरं नाचली काय?"

देवीदासनं बाहीनं नाक पुसलं.

"नाचली," तो म्हणाला. "एक पोरगी तं स्टेजवरच चढली."